फुलात ओळखा, पानात खुडा

मे महिना सरत आला आणि वळवाचे एक-दोन पाऊस पडून गेले की ठाणे, कल्याण, पनवेल, पेण, पालघरच्या बाजारांत शेवळांच्या जुड्या येऊ लागतात. तपकिरी-जांभळट आवरणात गुंडाळलेले, टोकाकडे निमुळते होत गेलेले हे दांडे देताना भाजीवाली सोबत मूठभर बारीक, हिरवी, आंबट फळंही देते. ती काकडं. नव्या गिऱ्हाइकाने ती नको म्हटली तर बजावून सांगते, "काकडं घ्याच ताई, नाहीतर घसा खाजेल." घरी आणल्यावर जाणत्या बायका शेवळाचं आवरण सोडवतात, आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाकतात, उरलेलं बारीक चिरून तेलावर परततात आणि काकडांचा रस घालून भरपूर शिजवतात. सीकेपी आणि पाठारे प्रभू घरांत या भाजीची वर्षभर वाट पाहिली जाते.

यात एक कोडं आहे. शेवळ रानात जमिनीतल्या कंदातून उगवतं, काकड हा चांगला उंच वाढणारा वृक्ष. दोघांची कुळं वेगळी, दिसणं वेगळं. तरी एकाचं दुसऱ्यावाचून स्वयंपाकघरात चालत नाही. मुळात जी वस्तू खाल्ली की घसा खाजतो, ती खाण्याजोगी आहे हे कुणी आणि कसं ठरवलं? या प्रश्नाचा पाठपुरावा केला तर रानभाज्यांचं सगळं शास्त्र उलगडत जातं. कोणती वनस्पती, तिचा कोणता भाग, कोणत्या दिवसांत, कोणत्या पद्धतीनं, आणि किती, ही पाचही उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत. त्यातलं एक जरी सुटलं तरी बाकीची चार उपयोगी पडत नाहीत.

झाडाला पळता येत नाही

खाणारा समोर आला की प्राण्याला पळता येतं. झाड जागचं हलू शकत नाही. म्हणून कोट्यवधी वर्षांच्या उत्क्रांतीत वनस्पतींनी पानांत, कंदांत, बियांत नाना तऱ्हेचे बचाव तयार केले. शेवळ, सुरण आणि अळू एकाच कुळातले. त्यांच्या पेशींमध्ये कॅल्शियम ऑक्झलेट या क्षाराचे सूक्ष्म स्फटिक असतात, सुईच्या आकाराचे आणि दोन्ही टोकांना अणकुचीदार. ते गठ्ठ्यांनी रचलेले असतात. चावल्यावर पेशी फुटते आणि हे स्फटिक जिभेत, गालात, घशात घुसतात.

पण खाज केवळ टोचण्यामुळे होत नाही. अळूवर झालेल्या अभ्यासांत असं दिसलं, की स्फटिक स्वच्छ धुऊन घेतले तर ते फारसे खाजवत नाहीत. त्यांच्यासोबत काही प्रथिनं असतात आणि स्फटिकांनी केलेल्या बारीक जखमांतून ती आत शिरून दाह करतात. भरपूर शिजवण्याचं महत्त्व इथे कळतं. उष्णतेनं प्रथिनांची रचना मोडते आणि दाहाचा मोठा भाग जातो. राहिलेली खाज आंबटानं कमी होते, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. अळूच्या फतफत्यात चिंच, सुरणाच्या कापांना आमसूल, शेवळांत काकड, या तिन्ही रीती एकाच जातीच्या आहेत. शेवळाचा हंगाम आणि काकडाला कोवळी आंबट फळं येण्याचा काळ एकच, आणि दोन्ही एकाच रानात मिळतात. तेव्हा जोडी जमली यात नवल नाही. नवल आहे ते ही जोडी शोधणाऱ्या माणसांच्या चिकाटीचं.

इतर वनस्पतींचे बचाव याहून घातक असतात. धोतऱ्यातली द्रव्यं मेंदू आणि मज्जातंतूंवर काम करतात, रानकांद्यातली हृदयाच्या ठोक्यांवर, एरंडाच्या बीमधलं विष थेट पेशींवर. म्हणून 'रानातलं म्हणजे नैसर्गिक आणि नैसर्गिक म्हणजे निर्धोक' ही अलीकडे फार ऐकू येणारी समजूत मनातून काढून टाकायला हवी. रानभाजी निर्धोक असते ती माणसानं तिला नीट ओळखलेलं असतं आणि तिच्यावर योग्य संस्कार केलेले असतात म्हणून.

टाकळा आणि त्याचा विषारी भाऊ

पहिल्या पावसानंतर आठ-दहा दिवसांत रस्त्याकडेला, पडीक जागेत, उकिरड्यावर टाकळ्याचा गालिचा पसरतो. कोकणात कोवळ्या टाकळ्याची भाजी कांदा, ओलं खोबरं, कधी फणसाच्या आठळ्या घालून करतात. चव थोडी मेथीकडे झुकणारी. रानभाज्या शिकायला टाकळा चांगला, कारण तो मुबलक आहे आणि त्याच्या खुणा स्पष्ट आहेत.

टाकळ्याचं एक पान म्हणजे खरं तर छोट्या पानांच्या जोड्यांची रचना. या छोट्या पानांना पर्णिका म्हणतात. टाकळ्यात बहुधा तीनच जोड्या असतात, टोकाकडची जोडी सर्वांत मोठी, आणि पर्णिकेचं टोक बोथट, गोलसर. अंधार पडला की पर्णिका मिटतात. खालच्या जोड्यांच्या मध्ये देठावर एक बारीकशी उभी ग्रंथी दिसते, भिंगाशिवायही. पुढे पिवळी फुलं येतात आणि मग बारीक, लांब, किंचित वाकलेल्या शेंगा.

त्याच कुळातला, त्याच पडीक जागेत उगवणारा कासविंदा. काही भागांत त्याला रानटाकळाच म्हणतात. फुलं पिवळीच, ठेवणही तशीच. पण पर्णिकांच्या जोड्या चार ते सहा, टोकं अणकुचीदार, चुरगळल्यावर उग्र वास, आणि ग्रंथी पर्णिकांमध्ये नसून देठाच्या अगदी बुडाशी. पश्चिम उत्तर प्रदेशात अनेक वर्षं पावसाळा संपता संपता लहान मुलं अचानक बेशुद्ध पडून दगावत. तो मेंदूज्वर असावा असा समज होता. २००७ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून कळलं, की ही मुलं खेळता खेळता कासविंद्याच्या शेंगांतल्या बिया खात होती. त्या बियांतल्या विषानं यकृत, स्नायू आणि मेंदू एकाच वेळी निकामी होत. साथ विषाणूची नव्हती, घरामागच्या एका झुडपाची होती. कारण कळल्यावर उपाय सोपा होता: झुडपं काढणं आणि मुलांना सांगणं.

या उदाहरणातून ओळखण्याची रीत कळते. एका खुणेवर कधीही विसंबू नये. 'पिवळी फुलं' किंवा 'मेथीसारखी पानं' ही ओळख नव्हे. पर्णिकांची संख्या, टोकाचा आकार, ग्रंथीची जागा, वास आणि उगवण्याची जागा अशा चार-पाच खुणा एकत्र जुळल्या पाहिजेत. शिवाय जी हवी आहे तिच्या खुणांइतक्याच तिच्यासारख्या दिसणारीच्या खुणा पाठ हव्यात. जिची फसवी जोडीदारीण आपल्याला माहीत नाही, ती भाजी आपल्याला माहीत नाही असंच धरावं.

घोळीचं सोपं उदाहरण घ्या. कुंड्यांतही आपोआप उगवणारी, मांसल पानांची, तांबूस गुळगुळीत दांड्यांची ही भाजी. तिच्या शेजारीच जमिनीला चिकटून लहान दुधी पसरलेली असते. लांबून दोघी सारख्या. दांडा मोडून पाहिला की भेद कळतो: घोळीतून पाण्यासारखा रस येतो, दुधीतून पांढरं दूध. मात्र 'दूध आलं की विषारी' असा सरसकट नियम करू नका. पाथरीतूनही दूध निघतं आणि मराठवाड्यात ती भाकरीबरोबर कच्ची खाल्ली जाते. प्रत्येक खूण त्या त्या जोडीपुरती खरी असते.

गवतासारख्या पानांचा धोका

सगळ्यांत जपून राहायला हवं ते लांब, अरुंद, गवतासारख्या पानांच्या वनस्पतींबाबत. पहिल्या पावसात उगवणारी फोडशी, म्हणजेच कुली किंवा कोलू, ही कोकणातली आणि सह्याद्रीतली अतिशय आवडती भाजी. तिच्या कुळातल्या एका प्रसिद्ध जातीचं, सफेद मुसळीचं, शास्त्रीय नाव थेट मुंबईच्या बोरिवलीवरून ठेवलेलं आहे: क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम. पण जून महिन्यात जमिनीतून नुसती हिरवी पाती वर आलेली असतात. तेव्हाच, त्याच उतारावर रानकांद्याचीही पाती वर येतात. रानकांद्यात हृदयाची लय बिघडवणारी द्रव्यं असतात. गडांबी कांदा आणि त्याचे भाईबंदही तेव्हाच दिसतात, आणि तेही विषारी.

जमिनीखाली फरक स्पष्ट असतो. रानकांद्याला खाण्याच्या कांद्यासारखा पापुद्र्या-पापुद्र्यांचा कांदा असतो. फोडशीला तसा कांदा नसतो, जाडसर मुळ्यांचा झुबका असतो. पण दर वेळी उपटून पाहायचं ठरवलं तर भाजी ओळखता ओळखता रानच रिकामं होईल.

जाणत्यांची रीत वेगळी आहे. फोडशीला नंतर लांब दांड्यावर पांढरी, सहा पाकळ्यांची, चांदणीसारखी फुलं येतात. रानकांद्याची फुलं पावसाआधीच, उन्हाळ्यात येऊन जातात, तेव्हा त्याला पानंही नसतात. म्हणजे फुलोऱ्यात या दोघांत गल्लत होणं अशक्य. म्हणून वनस्पती फुलात ओळखायची, जागा लक्षात ठेवायची आणि पुढच्या वर्षी त्याच जागी पानात खुडायची. डोंगरातल्या बायकांना 'ही फोडशीच कशावरून?' असं विचारलं तर पुष्कळदा त्या खुणा सांगत नाहीत, जागा सांगतात: या खडकाखाली दरवर्षी तीच येते. त्या उत्तरामागे वर्षभराचं निरीक्षण असतं. ज्यानं वनस्पतीला फक्त जूनमध्ये पाहिलं आहे त्यानं ती जूनमध्ये खाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कळलावीच्या बाबतीत हाच नियम जीव वाचवतो. श्रावणात कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुललेली कळलावी कुणीही ओळखेल. पण फुलं गेल्यावर, वेल वाळल्यावर जमिनीत राहतो तो तिचा कंद. तो रताळं किंवा करांदा समजून खाल्ल्यानं माणसं दगावल्याच्या नोंदी भारतात आणि श्रीलंकेत आहेत. वेल हिरवा असेल तर खूण सोपी: कळलावीच्या पानाचं टोक लांबून तणावासारखं वळलेलं असतं आणि आधाराला पकडतं. वाळलेल्या वेलाखालचा अनोळखी कंद मात्र कधीच उकरू नये.

नावांवरही विसंबू नका. एकाच भाजीला तालुक्या-तालुक्यात वेगळं नाव आणि एकाच नावाच्या दोन वेगळ्या भाज्या, हे सर्रास आहे. मोबाइलवरची ओळख सांगणारी अ‍ॅप्स शोधाची सुरुवात करून देतात. त्यांना फोटो दिसतो, पण वास, देठावरची ग्रंथी, दांड्यातला रस आणि जमिनीखालचा कंद दिसत नाही. अ‍ॅपच्या उत्तरावर भाजी शिजवू नये. श्रीकांत इंगळहळीकर यांच्यासारख्या अभ्यासकांची सह्याद्रीच्या फुलांवरची सचित्र पुस्तकं अधिक भरवशाची. आणि पुस्तकाहून भरवशाची ती आयुष्यभर ती भाजी खात आलेली शेजारची आजी. अळंब्यांबद्दल या लेखात मी काहीच सांगणार नाही. त्यांची ओळख कागदावरून शिकता येत नाही, आणि एकच चूक शेवटची ठरू शकते.

चौकट: विषबाधेची शंका आली तर

लक्षणं वाढण्याची वाट पाहू नका, ताबडतोब रुग्णालय गाठा. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. उरलेली शिजवलेली भाजी, चिरताना टाकलेले देठ, मुळं, जे असेल ते सोबत न्या. डॉक्टरांना वनस्पती ओळखता आली तर उपचाराची दिशा ठरते. किती वाजता, किती आणि कुणी कुणी खाल्लं ते सांगा. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. तोंड कोरडं पडणं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होणं, असंबद्ध बडबड ही धोतऱ्याची लक्षणं असू शकतात. ज्यांनी तीच भाजी खाल्ली आहे पण अजून त्रास नाही, त्यांनाही तपासून घ्या.

'थोडं चाखून बघू' का चालत नाही

अनोळखी पान जिभेवर ठेवायचं, थांबायचं, काही झालं नाही तर थोडं खायचं, असा सल्ला अनेकजण देतात. तो धोकादायक आहे, कारण विष लगेच जाणवेलच असं नाही. कळलावीतलं कोल्चिसिन पेशींचं विभाजन थांबवतं. शरीरात ज्या पेशी सर्वांत वेगानं विभागतात, म्हणजे आतड्याचं अस्तर, अस्थिमज्जा, केसांची मुळं, त्यांना आधी तडाखा बसतो. पण उलट्या-जुलाब सुरू व्हायलाच काही तास जातात, रक्तपेशींवरचा परिणाम काही दिवसांनी दिसतो, आणि वाचलेल्या माणसाचे केस पुढच्या आठवड्यांत गळतात. यकृतावर काम करणारी विषं तर याहून सावकाश चालतात. जीभ यातलं काहीही सांगू शकत नाही.

'पाखरं खातात म्हणजे आपल्यालाही चालेल' हा तर्कही तितकाच फसवा. काजऱ्याची नारिंगी फळं धनेश आवडीनं खातो. त्याच फळातल्या बियांत स्ट्रिक्नीन हे जहाल विष असतं. धनेश गर पचवतो आणि बी टाकून देतो. काजऱ्याला त्याच्याकडून बी पसरवण्याचंच काम हवं असतं.

कडू कसं काढायचं

काही वनस्पती ओळख पटल्यावरही तशाच खाता येत नाहीत. कडू करांद्याचा वेल रायगड-ठाण्याच्या डोंगरांत सगळीकडे असतो. बदामी आकाराची पानं, बुडापासून कमानीसारख्या टोकाकडे जाणाऱ्या ठळक शिरा, आणि पानाच्या बगलेत लटकणारे गाठींसारखे करांदे. त्याचा कंद कच्चा खाल्ला तर अतिशय कडू लागतो, आणि हा कडूपणा देणारी द्रव्यं यकृताला इजा करतात. कातकरी आणि ठाकूर घरांत त्याच्या पातळ चकत्या करतात, राख घालून उकळतात, पाणी फेकतात आणि टोपलीत घालून रात्रभर वाहत्या ओढ्यात ठेवतात.

या प्रत्येक पायरीमागे कारण आहे. पातळ चकत्यांमुळे पाण्याला शिरायला जास्त पृष्ठभाग मिळतो. उकळण्यानं पेशींच्या भिंती सैल होतात आणि आतलं द्रव्य बाहेर झिरपतं. वाहत्या पाण्याची गरज अशी, की साठलेल्या पाण्यात कडू द्रव्य उतरलं की थोड्या वेळात आत-बाहेर बरोबरी होते आणि झिरपणं थांबतं. वाहतं पाणी ही बरोबरी होऊच देत नाही, त्यामुळे द्रव्य सतत बाहेर येत राहतं. प्रयोगशाळेत एखादा पदार्थ धुऊन काढायची पद्धत याच तत्त्वावर चालते.

वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, यांची अडचण वेगळी. त्यांत सायनाइड मोकळं करणारं एक द्रव्य असतं आणि ते मोकळं करणारं विकरही, पण दोघं वेगवेगळ्या कप्प्यांत. कोंब चिरला की कप्पे फुटतात, दोघं एकत्र येतात आणि हायड्रोजन सायनाइड वायू तयार होतो. म्हणजे चिरण्यानं विष सुटतं, आणि तेच आपल्याला हवं असतं. बारीक चिरायचं, पाण्यात भिजत ठेवायचं, मग झाकण न ठेवता भरपूर उकळायचं आणि पाणी टाकून द्यायचं. वायू वाफेबरोबर निघून जातो. झाकण ठेवलं तर तो भांड्यातच कोंडतो. घाईत कुकर लावणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

घोळ, चिवळ, अळू यांत विद्राव्य ऑक्झलेटही बरंच असतं. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी या भाज्या डॉक्टरांना विचारून आणि उकळलेलं पाणी काढून टाकूनच खाव्यात.

जमिनीखालची कणगी

इतका वेळ वनस्पती आपलं काय करते ते पाहिलं. आता आपण तिचं काय करतो ते पाहू.

रानभाज्या तीन-चार आठवडेच का मिळतात? त्यांतल्या पुष्कळ बहुवर्षायू आहेत. वरचा हिरवा भाग दरवर्षी मरतो, कंद किंवा मुळं जमिनीत जिवंत राहतात. उन्हाळाभर तिथे काहीच घडत नाही असं वाटतं. पहिला पाऊस पडला की दोन-चार दिवसांत कोंब वर येतो. हा वेग साठवणीमुळे शक्य होतो, कारण पानं नसताना अन्न बनवायचा प्रश्नच नसतो. शेतकरी कणगीतलं धान्य पेरणीला काढतो तसा कंद आपला साठा कोंबात ओततो. म्हणजे कोवळी पानं जेव्हा सर्वांत चविष्ट असतात, तेव्हा कणगी सर्वांत रिकामी असते. पुढचे तीन महिने ती पानं ऊन घेतात, अन्न तयार करतात आणि कणगी पुन्हा भरतात.

एवढं ध्यानात आलं की किती खुडायचं याचा नियम कुणी सांगावा लागत नाही. एकदा वरची पानं खुडली तर कंद उरलेल्या शिलकीतून पुन्हा कोंब धाडतो. दुसऱ्यांदा खुडली तर शिल्लक तळाला जाते. तिसऱ्यांदा कोंब येतच नाही, किंवा पुढच्या वर्षी त्या जागी काही उगवत नाही. म्हणून फोडशी जमिनीच्या थोडी वर कापायची, एका झुबक्यातली काही पाती ठेवायची आणि त्या हंगामात त्या झुबक्याकडे परत जायचं नाही. कंद खणणं ही याहून फार मोठी गोष्ट. ताकदीचं औषध म्हणून सफेद मुसळीची मागणी वाढली आणि ठिकठिकाणच्या रानांतून ती घटत गेली, कारण तिथे बाजाराला पानं नको होती, कणगीच हवी होती.

शेवळाचा हिशेब जरा निराळा. आपण खातो तो त्याचा फुलोरा. तो कापल्यानं कंद मरत नाही, नंतर त्यातून पान येतं आणि साठा भरून निघतो. पण त्या वर्षी त्या कंदाला बी धरत नाही. एखाद्या उतारावरची सगळी शेवळं दरवर्षी कापली गेली तर जुने कंद काही वर्षं टिकतात, बाहेरून सारं आलबेल दिसतं, मात्र नवी रोपं उगवत नाहीत. मग ते म्हातारे कंद संपले की उतार एकाएकी ओसाड होतो. म्हणून उमलून वास सोडू लागलेली शेवळं आणि प्रत्येक जागेवरची निदान काही कोवळी शेवळं मागे ठेवावीत.

टाकळा, कुर्डू, घोळ या वर्षायू भाज्यांबाबत इतकी चिंता नाही. त्या बियांवर जगतात, मुबलक बी धरतात, आणि टाकळा तर कितीही खुडला तरी पुरून उरतो. बांबूच्या कोंबाचं मात्र तसं नाही. एक कोंब म्हणजे पुढचा एक पूर्ण बांबू. एका बेटातून एक-दोन घ्यावेत, बाकी वाढू द्यावेत.

कर्टोलीत नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा असतो. फळ फक्त मादी वेलाला. कुंपण साफ करताना फळ न धरणारा वेल वांझ समजून उपटला जातो, आणि मग शेजारच्या मादी वेलालाही कर्टोली धरत नाहीत. तो 'वांझ' वेलच परागकण पुरवत होता.

मोहाची फुलं वेचताना रानाच्या काही भागांत झाडाखालचा पालापाचोळा जाळतात, म्हणजे फुलं चटकन दिसावीत. ती आग पसरली की जमिनीलगतची सगळी रोपं जातात, त्यांत मोहाचीही. पाला झाडून काढला किंवा झाडाखाली जाळी पसरली तर तेवढीच फुलं मिळतात आणि स्वच्छही असतात.

कुठून आणि कुणाच्या रानातून

टाकळा उकिरड्यावरही फोफावतो, पण तिथला खाऊ नये. महामार्ग, रेल्वेमार्ग, कारखान्यांची हद्द आणि सांडपाण्याचे नाले यांच्या कडेची भाजी कितीही टवटवीत असली तरी टाळा. जड धातू धुण्यानं पूर्ण जात नाहीत. शेताच्या बांधावरची भाजी तोडण्यापूर्वी मालकाला विचारा. परवानगीसाठी तर विचाराच, पण तणनाशकासाठीही विचारा. ग्लायफोसेटसारखं तणनाशक मारल्यावर पान काही दिवस हिरवंगार दिसत राहतं.

राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यांत परवानगीवाचून वनस्पती तोडणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली गुन्हा आहे. बोरिवलीचं संजय गांधी उद्यान, भीमाशंकर, कळसूबाई-हरिश्चंद्रगड ही ठिकाणं पावसाळी भटक्यांनी गजबजलेली असतात, तेव्हा हे सांगणं भाग आहे. दुसरीकडे, २००६ च्या वनहक्क कायद्यानं जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तो देशात पहिल्यांदा मिळालेल्यांपैकी एक. या दोन कायद्यांकडे एकत्र पाहिलं की शहरातून आलेल्या माणसाची जागा नीट कळते. ज्यांचं पावसाळ्यातलं जेवण आणि चार पैसे या भाज्यांवर चालतात, त्यांच्या रानात हौसेनं पिशव्या भरणं योग्य नाही. शिकायला जावं, पाहायला जावं, आणि भाजी त्यांच्याकडून विकत घ्यावी. गेली काही वर्षं कृषी विभाग ऑगस्टमध्ये जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरवतो. तिथे कच्ची वनस्पती, शिजवलेला पदार्थ आणि तो करणारी बाई एकाच ठिकाणी भेटतात. नवशिक्यासाठी याहून चांगली शाळा नाही. विचारताना नुसती पाककृती विचारू नका. हिला फूल कधी येतं, हिच्यासारखी दुसरी कोणती दिसते, आणि तुम्ही किती मागे ठेवता, हेही विचारा.

एवढं सगळं सांगूनही माझ्या मते रानभाज्यांना सर्वांत मोठा धोका खुडणाऱ्या हातांचा नाही. बांध नांगरून शेतात घेतले जातात, कुंपणाच्या जागी तारा येतात, डोंगरउतार घरांच्या योजनांसाठी सपाट होतात, आणि उरलेल्या पट्ट्यावर 'तण' म्हणून वर्षातून दोनदा फवारणी होते. त्या फवाऱ्याखाली टाकळा, कुर्डू, घोळ, पाथरी, कर्टोलीचा नर वेल आणि मादी वेल, सगळे एकाच दिवशी जातात. ज्यांच्याकडे जमीन आहे त्यांना माझी विनंती आहे: बांधाचा निदान दोन हातांचा पट्टा फवारणीतून वगळा. सोसायट्यांच्या बागा सांभाळणाऱ्यांनीही एक कोपरा यंदाच्या पावसात न खुरपता ठेवावा आणि त्यात काय काय उगवतं ते फुलं येईपर्यंत पाहावं.